राडारोड्याची खतावणी

सोनारआळीत पूर्वी झारेकरी येत असे. दिवसभराचे काम आटोपले की दुकानासमोरची व ओटीवरची धूळ तो झाडून नेई, पाण्यात धुई, आणि त्या धुळीतून सोन्याचा कण वेगळा काढून आपला चरितार्थ चालवी. सोनारही त्या केराकडे केर म्हणून पाहत नसे. त्याचे मोल तो जाणून असे. आमच्या सुरतेत हीच रीत निराळ्या रूपाने आजही चालू आहे. जुन्या जरीतून चांदी गाळून काढणारे कारागीर येथे आहेत, आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कारखान्यातील झाडलोटही जपून ठेवली जाते, कारण तीत हिऱ्याचा बारीक चुरा असण्याचा संभव असतो. ज्या नगरीत धुळीलाही मोल आहे, त्याच नगरीत पाडलेल्या घराचे काँक्रीट, विटांचे तुकडे, गिलावा आणि फरशी यांचा ढीग रात्रीच्या वेळी कोठे तरी ओतून दिला जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, ही गोष्ट आम्हांस काही वर्षांपासून खटकत आली आहे. स्मरणिकेच्या या अंकात त्याच विषयाचा थोडा विचार व्यापारी बंधूंपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय रूक्ष आहे खरा. परंतु आमच्यापैकी कित्येकांचा व्यवसाय सिमेंट, वाळू, खडी, लोखंड, लाकूड, टाइल्स व रंग यांचा आहे. काही बंधू स्वतः इमारतीही बांधतात. जो माल आम्ही विकतो त्याचा शेवट कोठे होतो, हे पाहण्याची जबाबदारी आमच्यावरही येते. आणि तो शेवट कसा होतो, हे लिंबायतमध्ये राहणाऱ्यांना दूर जाऊन पाहावे लागत नाही.

लिंबायतची बांधणी

रेल्वेमार्गाच्या पूर्वेस पसरलेले लिंबायत हे सुरतेतील मराठी माणसाचे मोठे ठाणे होय. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीने धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली. कोणी यंत्रमागावर बसला, कोणी कापडाच्या बाजारात हमाली केली, कोणी दुकान थाटले. या लोकांनी घरे बांधली ती एकदम बांधली नाहीत. प्रथम पत्र्याची खोली, मुलगा मिळवता झाला की पक्क्या भिंती, लग्न निघाले की वर एक मजला, आणि पुढे भाडेकरू ठेवावयाचा म्हणून आणखी एक. एकाच जागेवर एका पिढीत दोन-तीन वेळा तोडफोड होते. म्हणून मोठमोठ्या संकुलांतून जसा राडारोडा एका ठिकाणी हजारो टनांनी निघतो तसा तो येथे निघत नाही. तो गल्लीगल्लीतून दोन ट्रॉल्या, चार ट्रॉल्या असा निघतो. हिशेबातून सुटतो तो याचमुळे.

अशाच एका गल्लीत एक जुने दुमजली घर पाडले जात असता आम्ही काही दिवस जाता-येता तेथे थांबत होतो. पहिल्या दिवशी दारे, खिडक्या, जाळ्या, नळ व विजेच्या तारा निघाल्या आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढल्या. दुसऱ्या दिवशी पत्रे व लाकडी तुळया गेल्या. तिसऱ्या व चौथ्या दिवशी भिंती उतरल्या. तेथे सात-आठ मजूर स्त्रिया बसून प्रत्येक विटेचा चुना-सिमेंट हातोडीने झाडीत होत्या, आणि अखंड विटांची रास रचीत होत्या. मग स्लॅब फोडला गेला. त्यातील सळया ओढून, सरळ करून बाजूस ठेवल्या गेल्या. येथपर्यंत पाहता या कामाइतके काटकसरीचे काम दुसरे नसेल असे वाटावे. पैसा ज्या ज्या वस्तूत होता ती प्रत्येक वस्तू वाचविली गेली होती. मागे उरला तो काँक्रीटचे ढेप, विटांचे तुकडे, गिलावा, निळ्या टाइल्सच्या कपच्या, पीओपीचा भुगा, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या पिशव्या यांचा एकत्र ढीग. मुकादम जुना व अनुभवी होता. आम्ही विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “शेठ, वेगळं ठेवलं तर माल आहे, एकत्र झालं की माती.” ती माती त्या रात्री ट्रॉलीतून गेली. काही दिवसांनी खाडीच्या काठाने जाताना निळ्या टाइल्सच्या त्याच कपच्या आम्हांस तेथे पसरलेल्या दिसल्या.

खडी आणि खाडी

लिंबायतमधून जाणारी मिठी खाडी ही पावसाळ्यात या वस्तीचे पाणी वाहून नेणारी मुख्य वाट आहे. जुलै २०२४ मध्ये व पुन्हा जून २०२५ मध्ये सुरतेच्या खाड्यांना पूर आला, आणि काठच्या वस्त्यांतून घराघरांत पाणी शिरले. तळमजल्यावर राहणाऱ्याचे धान्य भिजते, यंत्रमागाची मोटार जळते, दुकानदाराचा खालच्या फळीवरील माल जातो, आणि पाणी ओसरल्यावर गाळ उपसण्यात रोजगार बुडतो. हा पूर केवळ राडारोड्याने येतो असे आम्ही म्हणणार नाही. वरच्या भागात पडणारा पाऊस, काठावरील अतिक्रमणे आणि भरतीच्या वेळी मंदावणारा निचरा ही कारणे आहेतच. परंतु पाण्याच्या वाटेत ओतलेला दगडविटांचा भार पुढे वाहून जात नाही. तो तळाशी बसतो, पात्र उथळ व अरुंद करतो, आणि पाण्याला घरांची वाट दाखवितो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने बहुतेक शहर पाण्याखाली गेले होते. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांस पाण्याची वाट मोकळी ठेवण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

खडी आम्ही विकतो. तीच फिरून खाडीत जाते. घर पाडणाऱ्याने वाहतुकीचे काही शंभर रुपये वाचविले, आणि त्याचा खर्च ज्याने काहीच पाडले नाही अशा शेजाऱ्याने पावसाळ्यात भरला. जो खर्च आपल्या नावे लिहावयाचा तो दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे यास व्यापारी भाषेत काय म्हणतात, हे आमच्या बंधूंस ठाऊक आहे.

वजनाचा अंदाज

राडारोडा किती निघतो याची कल्पना सामान्यतः फार तोकडी असते. तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यमापन परिषदेने, म्हणजे टायफॅकने, जो ठोकताळा बसविला आहे त्याप्रमाणे नव्या बांधकामात दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो, दुरुस्तीत ४० ते ५० किलो, आणि इमारत पाडताना ३०० ते ५०० किलो टाकाऊ माल निघतो. हा अंदाज पडताळून पाहणे अवघड नाही. १०० चौरस मीटरचा व १२ सेंटीमीटर जाडीचा एक स्लॅब घ्या. त्यात १२ घनमीटर काँक्रीट असते. आणि घनमीटरला सुमारे २.४ टन या हिशेबाने त्याचे वजन जवळजवळ २९ टन भरते. भिंती, पाया व फरशी निराळीच. म्हणजे लिंबायतमधील मध्यम आकाराचे घर पाडले की ३० ते ५० टन माल हलवावा लागतो, असे धरण्यास हरकत नाही.

साऱ्या देशाचा विचार करता दरवर्षी सुमारे १५ कोटी टन बांधकामाचा व तोडफोडीचा टाकाऊ माल निघतो असा अंदाज सांगितला जातो. आणि २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने दाखवून दिले की, त्यापैकी रीतसर पुनर्वापरात येणारा भाग अवघा १ टक्क्याच्या आसपास होता. हे वाचून आमच्या देशात काटकसर नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. अखंड वीट, सळई, दार, चौकट यांचा पुनर्वापर आमच्याइतका क्वचितच कोठे होत असेल. उणीव आहे ती उरलेल्या ढिगाची.

कोसाडचा कारखाना

या ढिगाचे काय करता येते, याचे उत्तर सुरतेतच आहे. तापीपलीकडे, शहराच्या उत्तरेस कोसाड येथे महानगरपालिकेने खाजगी भागीदारीत असा टाकाऊ माल प्रक्रिया करण्याचा कारखाना उभारविला असून, त्याची शक्ती दिवसास ३०० टन आहे. वर दिलेला हिशेब लावला तर हे वजन मध्यम आकाराची सात-आठ घरे पाडल्याने निघणाऱ्या मालाइतके होते. देशात या प्रकारचा पहिला कारखाना दिल्लीत बुराडी येथे २००९ साली सुरू झाला होता. त्यानंतर अहमदाबाद, सुरत व इतर शहरे या मार्गास लागली.

अशा कारखान्याचे काम समजण्यास सोपे आहे. आलेली गाडी काट्यावर तोलली जाते. मोठे लाकूड, कापड, प्लास्टिक हातांनी वेचले जाते. लोहचुंबकाने उरलेसुरले लोखंड ओढून घेतात. मग काँक्रीटचे ढेप जबड्यासारख्या यंत्रात भरडून चाळण्यांवर टाकतात, आणि पाण्याने धुऊन माती व बारीक गाळ वेगळा करतात. शेवटी हाती येते ती निरनिराळ्या आकारांची खडी व वाळू. तीत सिमेंट मिसळून पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या कडेचे दगड व पोकळ ठोकळे तयार होतात. धुऊन निघालेली माती भरावास चालते.

तथापि ही खडी डोंगरातून काढलेल्या खडीची सर्व कामी बरोबरी करीत नाही, हे व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुन्या काँक्रीटच्या दगडाला जुना सिमेंटचा थर चिकटलेला राहतो. तो पाणी अधिक पितो व ताकद काहीशी कमी करतो. म्हणून भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीत काँक्रीटपासून निघालेल्या खडीस मर्यादा घालून परवानगी दिली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ प्रतीपर्यंत २० टक्के, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये १०० टक्के. विटा व गिलावा मिसळलेल्या मालाची खडी असेल तर ती फक्त या शेवटच्या कामासच चालते. या आकड्यांतच आमच्या विषयाचे सारे मर्म आहे. निवडलेल्या मालास तीन दारे उघडी आहेत, मिसळलेल्या मालास एकच.

निवडणे आधी, दळणे मागून

आमच्या घरांतील स्त्रिया दळण गिरणीत पाठविण्यापूर्वी निवडतात. पीठ झाल्यावर खडे वेचता येत नाहीत, हे कोणी कोणास शिकविलेले नाही. राडारोड्याचेही तसेच आहे. पीओपीचा भुगा काँक्रीटमध्ये गेला तर त्यातील जिप्समने नव्या सिमेंटला अपाय होतो. थर्माकोल व प्लास्टिक गेले तर ठोकळा कच्चा राहतो. माती अधिक गेली तर धुण्याचा खर्च वाढतो. कारखाना कितीही चांगला असला तरी जो ढीग गल्लीतच बिघडला तो कारखान्यात सुधारत नाही, किंवा सुधारला तर फार महाग पडतो.

जैन घरांतून पाणी गाळून घेण्याची चाल आहे. जुने जाणते लोक गाळून झाल्यावर थांबत नसत. फडक्यावर जे उरले ते ज्या विहिरीचे पाणी होते त्याच विहिरीत अलगद परत पोचवीत. गाळणे हे अर्धे काम, आणि उरलेले योग्य जागी पोचविणे हे दुसरे अर्धे, ही त्यामागील जाणीव होती. मुकादमाने घर पाडताना पहिले अर्धे काम उत्तम केले होते. दुसरे अर्धे करण्यास त्यास कोणी सांगितले नव्हते, आणि त्याचे पैसेही कोणी ठरविले नव्हते.

मोठ्या कंपन्यांच्या वह्या कशा वाचाव्या

आता मोठ्या बांधकाम कंपन्यांकडे वळू. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल देणे अनिवार्य केले. त्यात टाकाऊ मालाचा एक तक्ता असतो. प्लास्टिक, विद्युत साहित्य, बांधकाम व तोडफोड, धोकादायक, इतर अशा सदरांखाली वर्षभरात किती टन माल निघाला, त्यापैकी किती पुनर्चक्रित झाला, किती तसाच पुन्हा वापरला, आणि किती भरावात किंवा भट्टीत गेला, हे सांगावे लागते. आमच्या बंधूंपैकी जे शेअर्स घेतात ते ताळेबंद व नफातोटा पत्रक बारकाईने पाहतात. त्यांनी हे पानही उघडावे. ते वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली गोष्ट अशी की, टक्केवारी एकटी पाहू नये. समजा, एका कंपनीने १,००० टन टाकाऊ माल काढला व त्यातील ८५ टक्के पुनर्वापरात आणला. दुसरीने तेवढेच बांधकाम करताना २०० टन माल काढला व त्यातील ५० टक्केच पुनर्वापरात आणला. वर्तमानपत्रात शाबासकी पहिलीस मिळेल. परंतु पहिलीचे १५० टन शेवटी भरावात गेले, दुसरीचे १००. शिवाय पहिलीने ८५० टन माल वाहण्या-भरडण्यात इंधन खर्च केले ते निराळेच. जो माल टाकाऊ झालाच नाही तो सर्वांत स्वस्त. म्हणून दर चौरस मीटर बांधकामामागे, किंवा दर रुपयाच्या उलाढालीमागे किती टन माल निघाला, हा आकडा आधी पाहावा.

दुसरी गोष्ट, पुनर्वापराच्या आकड्यात काय धरले आहे ते पाहावे. पायाच्या खोदाईची माती वजनाला फार भरते. ती शेजारच्या खड्ड्यात टाकून तिचा पुनर्वापर झाला असे म्हटले की टक्केवारी एकदम वर चढते. लोखंडाचे भंगार तर कोणीच टाकत नाही. कंपनीची खरी परीक्षा माती व लोखंड वगळल्यावर उरणाऱ्या काँक्रीट, विटा, टाइल्स व पीओपी यांत होते. तिसरी गोष्ट, पोटकंत्राटदाराने जो माल नेला त्याची पावती कंपनीकडे आहे की नाही. ट्रॉली फाटकाबाहेर गेली म्हणजे माल मार्गी लागला असे ज्या वहीत लिहिले असेल, ती वही अपुरी समजावी.

कायदा कोठपर्यंत पोचतो

मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने बांधकाम व तोडफोडीच्या टाकाऊ मालाबद्दल प्रथमच स्वतंत्र नियम केले. जो कोणी असा माल निर्माण करील त्याने तो वेगळा ठेवून नेमलेल्या केंद्रात पोचवावा. आणि ज्याचा माल एका दिवसात २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्यास ३०० टनांहून अधिक असेल त्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग करून आपली योजना स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यावी, असे त्यात होते. पुढे २०२५ साली नवे नियम निघाले व त्यांच्या अंमलास १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यांत २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांवर पुनर्चक्रणाचे टप्प्याटप्प्याने वाढणारे लक्ष्य घातले आहे.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु लिंबायतच्या गल्लीतील १०० चौरस मीटरचे घर २०,००० च्या जवळपासही फिरकत नाही. मोठ्यांसाठी अहवाल आहे, लक्ष्य आहे, दंड आहे. लहानांसाठी केवळ आज्ञा आहे. आणि कोसाड नदीपलीकडे, लिंबायत शहराच्या दुसऱ्या टोकाला. ट्रॉलीवाल्यास फेरीमागे पैसे मिळतात. जितके जवळ ओतील तितके डिझेल वाचते. त्यास दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ज्या व्यवहारात योग्य वागणाऱ्यास तोटा व चुकीचे वागणाऱ्यास नफा होतो, त्या व्यवहाराच्या अटीच चुकलेल्या असतात. आणि अटी ठरविणारे आम्ही असतो.

आमची अडचण

येथे एक गोष्ट उघडपणे कबूल केली पाहिजे. पुनर्चक्रित खडी व ब्लॉक खपू लागले तर आमच्या नव्या खडी-वाळूच्या विक्रीस थोडा धक्का बसेल, अशी भीती आमच्यातील काही बंधूंच्या मनात आहे. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु नद्यांची वाळू अमर्याद नाही. साऱ्या जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली सांगितले. जो माल दरवर्षी दुरून व महाग आणावा लागणार, त्यास जोड म्हणून घराजवळ निघणारा माल दुकानात ठेवणे हा दूरदृष्टीचा धंदा आहे.

सुरतेने याआधी असे धंदे केले आहेत. बमरोली येथे सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसरा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांस विकण्याचा उपक्रम महानगरपालिकेने २०१४ साली सुरू केला. जे पाणी टाकून द्यावयाचे, त्यास गिऱ्हाईक मिळाले. २०२२ साली हजिरा येथे पोलाद कारखान्यातील मळीचे, म्हणजे स्लॅगचे, दगड वापरून सहापदरी रस्त्याचा तुकडा बांधण्यात आला, आणि तो आजही जड वाहतूक सोसतो आहे. १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगने या शहराची दैना झाली होती. त्याच शहराने पुढील दोन वर्षांत आपली स्वच्छता अशी सुधारली की देशाने नोंद घ्यावी, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला क्रमांक पटकावला. बाहेर पाहिले तर जागेची टंचाई असलेल्या सिंगापूरने बांधकामाचा जवळजवळ सर्वच टाकाऊ माल कामी लावला आहे. तेथील लोक आमच्याहून अधिक काटकसरी आहेत असे नाही. तेथे ओतावयास जागाच नाही. आमच्याकडे ती आहे असे आम्हांस वाटते, कारण खाडी अजून पूर्ण भरलेली नाही.

व्यापाऱ्याने काय करावे

उपदेश पुष्कळ होतात. म्हणून आम्ही केवळ अशाच गोष्टी सुचवितो, ज्या दुकानात बसल्याबसल्या करता येतील.

एक, माल मोजून द्यावा व उरलेला परत घ्यावा. गिऱ्हाईक धास्तीने जास्त टाइल्स व जास्त गोण्या नेते. न फोडलेली पेटी व कोरडी, न उघडलेली गोणी ठराविक मुदतीत परत घेण्याची हमी बिलावरच छापावी. १,००० गोण्यांच्या कामात शंभरात तीन गोण्या जरी वाया गेल्या तरी ३० गोण्या, म्हणजे दीड टन सिमेंट मातीत जाते.

दोन, पाडकामाच्या जागी निदान तीन ढीग करावे: काँक्रीट, विटा-गिलावा, आणि इतर. पीओपी व थर्माकोल यांसाठी रिकाम्या सिमेंटच्या गोण्या पुरेत. याची मजुरी करारात वेगळी लिहावी. मुकादम ती घेऊन काम चोख करील, याबद्दल आम्हांस शंका नाही.

तीन, ट्रॉलीच्या भाड्याचा काही भाग राखून ठेवावा आणि संकलन केंद्राची पावती दाखविल्यावर तो द्यावा. एका गल्लीत दोन-तीन कामे चालू असतील तर गाडी एकत्र भरावी, म्हणजे लांबच्या फेरीचा खर्च वाटला जाईल. आमच्या संघटनेने महानगरपालिकेशी बोलून वेळापत्रक ठरविले तर हे काम फार सोपे होईल.

चार, पुनर्चक्रित ब्लॉक दुकानात नमुन्यास ठेवावा. अंगण, पदपथ, कुंपण व वाहनतळ यांसाठी त्याची शिफारस करावी, आणि जेथे तो चालत नाही तेथे चालत नाही असे स्पष्ट सांगावे. शंका घेणारा गिऱ्हाईक खऱ्या बोलण्यानेच वळतो.

पाच, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, वही ठेवावी. किती माल आला, किती इमारतीत बसला, किती परत गेला, किती विकला, किती केंद्रात पोचला, हे महिन्याकाठी लिहावे. जमेची व नावेची बाजू जुळत नसेल तर जेवढा फरक, तेवढा माल कोठे तरी ओतला गेला आहे असे समजावे.

आमच्या पेढ्यांवर दिवाळीस वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिताना आम्ही लाभाइतकेच शुभाचेही नाव घेतो. येत्या दिवाळीस ज्या बंधूंचा संबंध बांधकामाशी आहे त्यांनी रोजकीर्दीशेजारी एक पातळशी वही आणखी ठेवावी आणि तीत आपल्या मालाचा शेवट लिहावा, एवढी आमची नम्र विनंती आहे. पहिल्या वर्षी हिशेब जुळणार नाही. आमचाही जुळणार नाही. परंतु तूट किती आहे हे एकदा डोळ्यांपुढे आले की ती भरून काढल्यावाचून व्यापाऱ्यास चैन पडत नाही. पुढील पावसाळ्यात खाडीकाठच्या एखाद्या घरात पाणी एक वीत जरी कमी चढले, तरी त्या वहीचा लाभ झाला असे आम्ही समजू.